कान कडक झाल्यावर काय?

दादा, पुतण्याचा कुस्तीत सुजलेला कान आता कडक झालाय, ऑपरेशन करावं का, असं विचारलंत. आमच्या अमळनेरकडे आखाड्यात असा कान म्हणजे दागिनाच! लहान पोराच्या बाबतीत हे कौतुक मला पटत नाही.

कानाच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या मऊ लवचीक हाडाला, रक्त मिळतं ते तिच्यावरच्या पातळ आवरणातून. या दोन्हींच्या मध्ये रक्त साकळलं की पुरवठा तुटतो, मग तिथे वेडीवाकडी कूर्चा वाढते. सुरुवातीच्या दिवसांतच रक्त काढून दोन्ही बाजूंनी दाब दिला असता तर बहुधा निभावलं असतं. नुसतं सुईने काढलं तर पुष्कळदा पुन्हा भरतं.

आता प्लास्टिक सर्जन जादा कूर्चा तासून आकार देतात. कान फारच चुरगळला असेल तर बरगडीची कूर्चा लागू शकते. कुस्ती सोडणार नसेल तर आधी कान झाकणारं हेडगार्ड घ्या.