बलाढ्य सरकारांच्या तोंडी मानवी हक्कांची भाषा : विद्यार्थ्यांना काय सांगावे?

प्रश्न – बाळीवेसकर

नमस्कार. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे आणि मुलांची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यांचा एक आक्षेप मला खोडता येत नाही, आणि तो सरसकट खोडावा असेही वाटत नाही. ते म्हणतात की १९३० साली आपल्या सोलापूर शहरावर मार्शल लॉ लादणाऱ्या आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देणाऱ्या ब्रिटिश सत्तेनेच १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. मग तो जाहीरनामा म्हणजे बलवानांनी दुर्बलांवर उगारण्यासाठी हाताशी ठेवलेली काठीच नव्हे काय?

उत्तर – जुळे सोलापूरकर

सर, मुलांचा संताप रास्त आहे. फक्त त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले गेले आहेत. आरोप करणारा स्वतः निर्दोष आहे का, हा एक प्रश्न आणि आरोप खरा आहे का, हा दुसरा. १९४७ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या पुढाकाराने वर्णभेदाविरुद्धचे सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे सादर केले. अमेरिकी सरकारने ते पुढे सरकू दिले नाही, तर सोव्हिएत संघाने ते उचलून धरले. आणि त्याच काळात सोव्हिएत संघाच्या स्वतःच्या श्रमछावण्या कैद्यांनी भरलेल्या होत्या. मॉस्कोचा हेतू स्वार्थी होता म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत झुंडींनी घेतलेले बळी खोटे ठरत नाहीत, आणि वॉशिंग्टन ढोंगी होते म्हणून त्या छावण्यांतील कैदीही खोटे ठरत नाहीत.

ब्रिटिशांचेच पुढचे उदाहरण मुलांना अवश्य सांगा. जाहीरनाम्याला होकार देऊन चार वर्षे उलटतात तोच, १९५२ मध्ये, त्यांनी केनियात आणीबाणी पुकारली, हजारो लोकांना छावण्यांत डांबले आणि त्यांचा अमानुष छळ केला. त्यातून वाचलेल्या वृद्धांनी पुढे लंडनच्याच न्यायालयात दावा लावला, तेव्हा वसाहतीतून परत नेऊन दशकानुदशके दडवलेली कागदपत्रे सरकारला बाहेर काढावी लागली. २०१३ मध्ये सरकारने छळ झाल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी, खर्चासह, सुमारे १ कोटी ९९ लाख पौंड देऊ केले; कायदेशीर जबाबदारी मात्र तेव्हाही नाकारली. हा न्याय उशिराचा आणि तोकडा आहे, हे मला सलते. पण ‘तुम्ही स्वतः मान्य केलेली मर्यादा तुम्हीच ओलांडली’ असे त्या वृद्धांना ठणकावून सांगता आले, आणि ते बळ त्यांना कोणत्याही महासत्तेने दिलेले नव्हते.

उत्तर – होटगी रस्ता

मी वकिली करतो, त्यामुळे तत्त्वापेक्षा अंमलबजावणीकडे माझे लक्ष अधिक जाते, आणि तिथले चित्र वरील उत्तरात आहे त्याहून विदारक आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले, तेव्हा या न्यायालयाचा सदस्य नसलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी ते समर्थनीय ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्याविरुद्ध वॉरंट निघताच त्याच अध्यक्षांनी संताप व्यक्त केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांनी तर न्यायालयाच्या अधिकाऱ्यांवर निर्बंध लादण्याचा आदेश काढला. सीरियाचे प्रकरण या न्यायालयाकडे सोपवण्याचा ठराव २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १३ सदस्यांना मान्य असूनही रशिया आणि चीन यांच्या नकाराधिकाराने पडला. नियम सर्वांसाठी आणि सुटका मात्र नकाराधिकार असलेल्या पाच कायम सदस्यांसाठी व त्यांच्या मित्रांसाठी, अशी ही रचना मुळातच आहे. मुलांनी जाहीरनाम्यापेक्षा या नकाराधिकारावर हल्ला चढवावा.

प्रश्नकर्ता – बाळीवेसकर

दोघांचेही मनापासून आभार. नकाराधिकाराचा मुद्दा मी विरोधी बाजूच्या गटाला देत आहे. एका विद्यार्थिनीने विचारले आहे की आपला देश यात कुठे बसतो. तिला उत्तर देण्याआधी आपले मत हवे आहे.

उत्तर – जुळे सोलापूरकर

तिला पूर्ण उत्तर द्या, सर, त्यातले काहीही वगळू नका. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत मांडला होता, आणि ‘हा आमचा अंतर्गत मामला आहे’ ही तिथल्या सरकारची सबब आपण तेव्हा मान्य केली नव्हती. याचा मला अभिमान आहे. परंतु चीनच्या शिंच्यांग प्रांतातील उइगूर मुस्लिमांच्या स्थितीवर मानवी हक्क परिषदेत नुसती चर्चा व्हावी, हा प्रस्ताव ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ११ देशांत आपणही होतो. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही, आणि कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतच असतो. स्पर्धेत दोन्ही गटांना हा करार आणि आपल्या संविधानाचा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावावे, अशी माझी विनंती आहे. कराराचा मजकूर हवा असल्यास मी छापील प्रत महाविद्यालयात पोहोचवीन.