पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी नेमकं काय घ्यावं? सल्ला हवा

साखरझोप
नमस्कार मंडळी. रक्ताचे रिपोर्ट आले. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.१, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबीही वाढलेली. डॉक्टर म्हणाले, औषध इतक्यात नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर आतड्यातल्या जंतूंसाठी एकच काहीतरी नेमाने करायचं आहे. एखादी डबी परवडेल, त्यापलीकडे खर्च नको. इन्युलिनची (जंतूंना खाऊ म्हणून घेतात त्या तंतूची) पावडर घेऊन झाली आहे, पोट ढोलासारखं फुगतं. अ‍ॅकरमान्सिया या आतड्यातल्या जंतूचं नाव सारखं कानावर पडतंय. कोणी घेतलंय का?

कानोसा
डबी नंतर, आधी विष्ठेची जीवाणू चाचणी करून घ्या. खर्च होतो, पण काय कमी आहे तेच ठाऊक नसेल तर घेणार काय? माझा रिपोर्ट चांगला जाडजूड आला. कुठला जंतू किती टक्के, सगळं रंगीत आलेखांत. घरात सगळ्यांची केली.

प्राजक्ता_२
कानोसा, मी एकाच दिवशीचा नमुना दोन प्रयोगशाळांना पाठवला होता. एकीने अ‍ॅकरमान्सिया भरपूर सांगितला, दुसरीने जवळजवळ नाहीच. विचारलं तर दोघींचं उत्तर एकच, 'आमची पद्धत वेगळी आहे.' शिवाय ताईंनी खर्च नको म्हटलंय.

निवांत
५० अब्ज सीएफयूवाली (म्हणजे तेवढे जिवंत जंतू असलेली), बारा जातींची कॅप्सूल घ्या. एकाच जातीच्या मागे का लागायचं? आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात, तिथे थोडेथोडके पाठवून काय होणार? मला दुसऱ्याच आठवड्यात हलकं वाटू लागलं.

उंबरठा
दहापट हा जुना आकडा झाला. २०१६ मध्ये नव्याने हिशेब मांडला गेला: जंतू सुमारे ३८ लाख कोटी, पेशी ३० लाख कोटी. जवळपास बरोबरीच.

निवांत
बरं, बरोबरी. माझा मुद्दा वेगळा होता. संख्या महत्त्वाची.

प्राजक्ता_२
संख्येचं निघालंच आहे तर लेबल नीट वाचा. आकडा 'उत्पादनाच्या वेळी' असा असेल तर तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले किती जिवंत असतील याची हमी नाही. 'मुदत संपेपर्यंत' असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

वाटसरू
मूळ प्रश्नाकडे येतो. अ‍ॅकरमान्सिया म्युसिनिफिला २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला सापडला. आतड्याच्या आतल्या बाजूला जो चिकट थर असतो, तोच याचं अन्न आणि तेच घर. हा तो थर खातो म्हणून घाबरू नका. उंदरांवरच्या २०१३ च्या प्रयोगात हा जंतू दिल्यावर पातळ झालेला थर उलट पुन्हा जाड झाला. थर विरळ झाला की जंतूंच्या भिंतींचे तुकडे रक्तात झिरपतात, बारीक दाह चालू राहतो आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. तुमच्या ६.१ चा या सगळ्याशी संबंध असू शकतो, पण तेच एकमेव कारण नव्हे.

माणसांवरचा महत्त्वाचा प्रयोग २०१९ चा, बेल्जियममधला. स्थूल आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या ३२ जणांनी तो तीन महिने पूर्ण केला. इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला, कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, वजनात मात्र ठोस फरक नाही. बत्तीस माणसं म्हणजे फार थोडी, हे धरूनच चाला.

माझं मत विचाराल तर जंतू विकत आणण्यापेक्षा आहेत त्यांना खाऊ घाला. तंतू आंबवून ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं बनवतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात. याच आम्लांमुळे आतड्यातल्या एल पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात, त्याने इन्सुलिनला हात मिळतो आणि भूकही आवरते.

रानवारा
वाटसरूंना +१. फायबर, फायबर आणि फायबर. माझी साखर नुसत्या कडधान्यांवर आली खाली. गोळ्यांवर पैसे घालवू नका.

प्राजक्ता_२
रानवारा, त्यांचं पोट फुगतं हे वाचलंत का? इन्युलिन झटपट आंबतं, म्हणून वायू एकदम सुटतो. कडधान्यं चमचाभरापासून हळूहळू वाढवली तर बऱ्याच जणांना सोसतात. इसबगोल त्याहून कमी आंबतं, त्याने वायूचा त्रास कमी होतो.

उंबरठा
बेल्जियमच्या त्या प्रयोगात मेलेले जंतू दिले होते ना? मेलेल्याचा काय उपयोग? पैसे घेऊन राख विकण्यासारखं आहे.

वाटसरू
राख नाही हो. जिवंत आणि पाश्चरीकृत (म्हणजे ७० अंशांना तापवून मारलेले), दोन्ही दिले होते आणि पाश्चरीकृत जास्त चालले. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रथिन ७० अंशांनाही टिकतं. उंदरांमध्ये नुसत्या त्या प्रथिनानेही बराच गुण आला होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये पाश्चरीकृत रूप प्रौढांसाठी सुरक्षित ठरवलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया वगळून.

निवांत
म्हणजे शेवटी गोळीच घ्यायची! मग बारा जातींची काय वाईट?

साखरझोप
सगळ्यांचे आभार. कडधान्यं आमच्याकडे रोज असतातच. ती आणखी वाढवली की ऑफिसात बसवत नाही, चमचाभरापासून सुरुवात करूनही. चाचणी करणार नाही, बारा जातींचीही घेणार नाही. पाश्चरीकृत अ‍ॅकरमान्सियाच तीन महिने घेते. प्रयोगात रोज १० अब्ज पेशी दिल्या होत्या असं वाचलं, लेबलावर तेवढा आकडा बघूनच घेईन. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांआधी करण्यात फारसा अर्थ नाही. तेव्हा इथे आकडा टाकीन. डॉक्टरांना सांगितलंय, त्यांची हरकत नाही.

रानवारा
पैसे वाया घालवताय, ताई. मी सांगितलं होतं.

कानोसा
निदान आधी आणि नंतर चाचणी तरी करा.

नवी_पालवी
मधेच विचारते. सासूबाई मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात. त्यांनाही हेच चालेल का?

वाटसरू
मेटफॉर्मिनने अ‍ॅकरमान्सिया आपोआप वाढतो, असं २०१७ च्या अभ्यासात दिसलं आहे. वेगळी डबी आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती कमी करणारं एखादं औषध चालू असेल तर जिवंत जंतूंची कुठलीच कॅप्सूल विचारल्याशिवाय देऊ नका.