'सर्वानुमते मंजूर' : गप्प बसून पस्तावल्याचे तुमचे अनुभव

काल कपाट आवरताना २००९ची डायरी सापडली. एका पानावर माझ्याच अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' आणि खाली दोन रेघा. बघूनच पोटात गोळा आला.

बैठकीला नऊ जण होतो. नवी प्रणाली तीन महिन्यांत सुरू, जुनी त्याच दिवशी बंद. चाचणीला जेमतेम चार दिवस उरतात, हा हिशोब माझ्याच वहीत मांडलेला होता. साहेबांनी फाइल मिटता मिटता विचारलं, "कुणाची काही हरकत?" इकडेतिकडे पाहिलं, सगळे शांत. म्हटलं, आपल्यालाच काही कळत नसेल. मान डोलावली. मग पाच आठवडे रात्री जागून हाताने नोंदी!

पुढे एकाच्या निरोप समारंभात विषय निघाला. सहा जणांना तेव्हा तेच वाटत होतं. मी ज्यांच्याकडे बघून गप्प बसलो, ते माझ्याकडे बघून गप्प बसले होते.

तुमचं झालंय असं? कुणी बोललं असेल तर कसं जमलं, तेही लिहा.

झुळूक : पालकांचा ग्रुप. एका बाईंविरुद्ध तक्रारीचं पत्र. पहिल्या दोघींनी नाव टाकलं आणि दहा मिनिटांत चाळीस नावं. माझंही. पत्र रात्री वाचलं. मुलाला विचारलं तर म्हणाला, त्या बाई चांगल्या आहेत की. अजून त्या समोरून आल्या की मी रस्ता बदलते.

बिनकामाचा : सगळे सहमत आहेत म्हणून मीही सहमत 😀

रातकिडा : यावर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रयोग केला होता. दिलेल्या रेघेएवढी रेघ तिघींतून ओळखायची, एवढंच. खोलीतला एकच खरा, बाकीचे आधीच फितवलेले, मुद्दाम चुकीचं बोलणारे. चारातले तीन जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण एक जरी बरोबर बोलणारा सोबतीला दिला, की हे प्रमाण धाडकन खाली. उत्तर गुपचूप कागदावर लिहायचं असेल तरी कमी. म्हणून मी हल्ली चर्चेआधीच माझं मत लिहून ठेवतो. नंतर स्वतःलाच थापा मारता येत नाहीत.

पांढरी_चप्पल : घाईत लिहितेय, ड्यूटी आहे. ओटीत नवीन होते, सहा महिने झालेले. शेवटच्या मोजणीत एक स्पंज कमी. सर्जन म्हणाले, मोजण्यात चुकलं, टाके घालू. सिनियर सिस्टर गप्प, भूलतज्ज्ञ गप्प. माझा घसा कोरडा. कसंबसं म्हटलं, "सर, एकदा मोठ्याने मोजूया का?" बादलीच्या तळाशी चिकटलेला सापडला. बाहेर आल्यावर भूलतज्ज्ञ म्हणतात, मलाही शंका होतीच. अहो, मग बोलायचं ना!!

झुळूक : बाई गं! "तुम्ही चुकताय" नाही म्हणालीस, "मोजूया का" म्हणालीस. हे आवडलं.

बिनकामाचा : पण सापडला बादलीतच. म्हणजे सर्जनचंच बरोबर होतं की 🙊

पांढरी_चप्पल : पोटात असता तर?

नटबोल्ट : चॅलेंजर यान हे मोठं उदाहरण. जानेवारी १९८६, सात जण गेले. थंडीत रबरी कड्या दगा देतील हे अभियंत्यांना आदल्या रात्रीच कळत होतं.

रातकिडा : कळत होतं आणि ते बोललेही होते, नटबोल्टराव. फोनवरच्या बैठकीत उड्डाण नको म्हणाले, वरिष्ठांनी निर्णय फिरवला. आपण इथे न बोलणाऱ्यांचं बोलतोय. तो आजार वेगळा, औषधही वेगळं.

नटबोल्ट : मान्य. (दबावाखाली नाही, खरंच मान्य.) बरं, धागाकर्त्याच्या साहेबांसाठी : १९६१ मध्ये क्यूबावरच्या स्वारीत केनेडी तोंडघशी पडले. पुढच्या वर्षी क्षेपणास्त्रांच्या पेचात काही चर्चांना ते मुद्दाम गेलेच नाहीत, म्हणजे बाकीचे मोकळेपणी बोलतील. माझ्या टीमला मी असंच सोडून बाहेर गेलो. परत आलो तर सुट्ट्या ठरवत होते.

मधलीसुट्टी : वाचतेय. माझा अनुभव रात्री लिहिते, पिल्लू उठलं.

झुळूक : धागाकर्ते, डायरीत आणखी काय काय सापडलं?

धागाकर्ता : पुढच्याच पानावर मुदतवाढीचा ठराव. तोही सर्वानुमते.