ग्लूटेन पूर्ण बंद असूनही त्रास उसळतो: मदत हवी आहे

सीलिॲक आजाराचे, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याच्या विकाराचे, निदान होऊन मला ३ वर्षे झाली असून तेव्हापासून या धान्यांचा कणही मी जाणूनबुजून पोटात जाऊ दिलेला नाही. तरीही दीड-दोन महिन्यांतून एकदा पोट तट्ट फुगते, जुलाब लागतात आणि पुढचे चार दिवस इतका थकवा राहतो की जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावे लागते. टीटीजी प्रतिपिंडांची (या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी मात्र दोन्ही वेळा सामान्य आली. अर्थात अधूनमधून पोटात गेलेले थोडेसे ग्लूटेन तिच्यात दिसेलच असे नाही.

चाळणी आणि लाकडी उलथणे मी केव्हाच वेगळे केले आहे, पण परवा डब्याच्या झाकणाच्या खाचेत जुने गव्हाचे पीठ चिकटलेले दिसले आणि मन धास्तावले. शुद्ध ओट्ससुद्धा काहींना सोसत नाहीत असे कळल्यावर मी तेही थांबवले, तरी फरक पडला नाही.

आपल्यापैकी कोणाच्या बाबतीत औषधाच्या गोळ्यांतील स्टार्च, दुधातील लॅक्टोज किंवा लहान आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ हे खरे कारण निघाले का, आणि ते कोणत्या तपासणीतून कळले, हे कृपया सविस्तर सांगावे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरली आहे. त्याआधी आहाराची नोंद नेमकी कशी ठेवावी?