मदत हवी आहे : बेघरांमध्ये काम करणाऱ्या संशोधन-सहायिकेला कसे सावरावे? (इंदूर)

समन्वयक_इंदूर
नमस्कार. बेघर व्यक्तींच्या आरोग्याविषयीच्या एका अभ्यासाची मी समन्वयक आहे. आमच्या सहा सहायिका सरवटे बसस्थानक, राजवाडा आणि शास्त्री पुलाच्या परिसरात मुलाखती घेतात. त्यांपैकी एकीने गेल्या मंगळवारपासून एकही फॉर्म भरलेला नाही. ती ठरलेल्या ठिकाणी जाते, तासभर थांबते आणि परत येते. विचारले तर ‘मी बरी आहे’ एवढेच म्हणते. परवा पुन्हा रात्रीची फेरी आहे. तिला सुट्टी द्यावी, समुपदेशकाकडे पाठवावे की कार्यालयातले काम द्यावे? कृपया लवकर सांगावे.

रेवातीर
ताई, मंगळवारी काय घडले ते आपण लिहिलेच नाही. मुली जोडीने जातात की एकट्या? मानधन महिन्याचे आहे की फॉर्ममागे? हे कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

विंध्य_४७
टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिला आजच द्यावा. फोन विनामूल्य आहे, सेवा चोवीस तास चालते आणि आपल्या भाषेत बोलता येते. वडील गेल्यानंतर मला स्वतःला त्याचा फार आधार झाला.

नमुना_निवड
रात्रीची फेरी आहे म्हणून सांगतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती आणि त्या रात्री जे दिसले नाहीत, ते आकड्यात आले नाहीत. आपण प्रत्येक ठिकाणी निदान दोनदा, वेगवेगळ्या वेळी जावे.

रेवातीर
प्रश्न नमुन्याचा नाही, त्या मुलीचा आहे.

समन्वयक_इंदूर
क्षमा असावी, घाईत राहून गेले. शास्त्री पुलाखाली राहणाऱ्या एका आजोबांची पहिली मुलाखत तिने घेतली होती. दुसऱ्या मुलाखतीसाठी ती मंगळवारी गेली, तेव्हा ते आदल्या रात्री वारल्याचे शेजारच्या चहावाल्याकडून तिला कळले. चोरी होईल या भीतीने त्यांनी आपले आधार कार्ड दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, वर दोरा बांधून, तिच्याकडे सांभाळायला दिले होते. ते अजूनही तिच्या पर्समध्ये आहे. ही गोष्ट मला काल तिच्या मैत्रिणीने सांगितली. मुली एकट्या जातात. मानधन फॉर्ममागे आहे.

जुना_कार्यकर्ता
मी बत्तीस वर्षे वस्त्यांमध्ये काम केले आहे. या कामात मन घट्ट करावेच लागते. प्रत्येक मृत्यूपाशी थांबलो असतो, तर पुढच्या माणसापर्यंत पोहोचलोच नसतो. तिला लगेच दुसऱ्या भागात पाठवा, कामातच माणूस सावरतो.

रेवातीर
काका, आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु आपल्यासोबत संस्था होती, सहकारी होते, संध्याकाळी बसून बोलणे होते. ही मुलगी एकटी जाते आणि कोणाच्या दुःखाशी अर्धा तास बसली, तर तिचा एक फॉर्म बुडतो, म्हणजे ऐकून घेण्याचा दंड तिच्याच खिशातून जातो. समुपदेशक जरूर द्यावा, पण फॉर्ममागे पैसे देण्याची पद्धत तशीच ठेवून समुपदेशन केले, तर पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी याच जागी उभी असेल. ते कार्ड मात्र आजच, आपण स्वतः तिच्याबरोबर जाऊन, पोलीस ठाण्यात द्यावे. मृतदेहाची ओळख पटायची राहिली असेल, तर त्या कार्डामुळे घरच्यांचा शोध लागू शकेल.

राजवाडा_निवासी
आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला, तेव्हापासून हातात कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस पुलाखालच्या लोकांना आपल्याला उचलून न्यायला आलेला वाटतो. तरीही त्या आजोबांनी कार्ड तिच्या हाती दिले. असा विश्वास मिळतो आणि बदल्यात काही देण्याची मुभा नसते, याचेच ओझे अधिक होत असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा असावा असे सांगितले होते. जवळच्या रैनबसेऱ्याचा पत्ता आणि तिथे रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक प्रत्येक सहायिकेजवळ असला, तर निदान रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.

समन्वयक_इंदूर
सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघी ठाण्यात गेलो, कार्ड दिले आणि पोच घेतली. परतताना ती प्रथमच बोलली. आमच्या टॅबलेटवर जुना फॉर्म बंद केल्याशिवाय नवा उघडत नाही आणि दुसरी मुलाखत न होण्यासाठी तीनच कारणे दिलेली आहेत : नकार, स्थलांतर, अनुपलब्ध. आजोबांच्या नावासमोर ‘अनुपलब्ध’ लिहायला तिचा हात धजत नव्हता. ती यादी मी स्वतः तयार केली होती. आज त्या यादीत ‘मृत्यू’ हे चौथे कारण घातले आहे आणि खाली दोन ओळी लिहिण्यापुरती जागा ठेवली आहे. उद्यापासून मुली जोडीने जातील. शनिवारची दोन तासांची बैठक मानधनात धरावी आणि फॉर्ममागचे पैसे बंद करून महिन्याचे मानधन द्यावे, असे पत्र निधी देणाऱ्यांना पाठवले आहे; उत्तर आल्यावर इथे कळवीन. उद्याच्या फेरीला येणार की नाही, हे तिचे तिनेच ठरवावे असे मी तिला सांगितले आहे.