बाबा आर्मीत पंडितजी (आरटी जेसीओ) होते, रँक आणि सर्व्हिस दोन्ही चुकीची लागलीये, सुरुवात कुठून करू?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा 12 मार्च 1984 ला इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झाले. आमच्याकडे भिक्षुकी पिढीजात, त्यामुळे युनिटमध्ये सत्यनारायण असो नाहीतर कोणाच्या घरून वाईट तार आलेली असो, बोलावणं बाबांनाच. नोकरीत असतानाच बाहेरून बीए केलं, धर्मगुरूच्या परीक्षेला बसले, निवड झाली आणि 1 ऑक्टोबर 1990 पासून आरटी म्हणजे रिलिजस टीचर, नायब सुभेदार (हा जेसीओ, म्हणजे जवान आणि ऑफिसर यांच्या मधला दर्जा). पुढे 2001 ला सुभेदार झाले आणि 31 मार्च 2012 ला सुभेदार म्हणूनच घरी आले.

यंदा हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांचं ऑनलाइन पेन्शन प्रोफाइल पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. तर रँक लिहिलीये नायब सुभेदार आणि क्वालिफाइंग सर्व्हिस, म्हणजे पेन्शनला धरलेली नोकरी, 21 वर्षं 6 महिने. म्हणजे शिपाई म्हणून केलेली साडेसहा वर्षं गायब आणि सुभेदारीची अकरा वर्षं पण गायब!

बँकेत गेले तर म्हणाले रेकॉर्ड ऑफिसला विचारा, रेकॉर्ड ऑफिसला फोन केला तर म्हणाले बँकेला विचारा. बाबांना विचारलं तर ते म्हणतात मिळतंय ना दर महिन्याला, मग कशाला कोणाच्या दारात जायचं. त्यांचं बरोबर असेल त्यांच्या जागी, पण मागे आई आहे आणि फॅमिली पेन्शन पण याच नोंदींवर बसणार ना? कोणाला अनुभव आहे का, नक्की कुठून सुरू करू?

भटक्या_८८

ताई, धर्मगुरू म्हणजे चॅप्लेन ना, तो तर ऑफिसर असतो, लेफ्टनंट कॅप्टन वगैरे. मग मुळात नायब सुभेदार हीच चूक आहे, कॅप्टनची पेन्शन मागा डायरेक्ट 😀

निवृत्त_कारकून

वरच्या भाऊंनी इंग्रजी सिनेमे जास्त बघितलेत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये चॅप्लेनला कमिशन म्हणजे ऑफिसरचा दर्जा असतो हे खरं, पण आपल्या आर्मीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू सगळे जेसीओ म्हणूनच येतात, सुरुवात नायब सुभेदार. ताई, कॅप्टनबिप्टनच्या नादाला लागून अर्जात काहीही लिहू नका, तुमचा चांगला मुद्दा पण त्यात वाहून जाईल.

मी रेकॉर्डात 24 वर्षं क्लार्की केली आहे त्यामुळे सांगतो. तुम्ही दोन चुका एकाच दमात सांगताय आणि म्हणूनच तुम्हाला इकडून तिकडे टोलवतात. या दोन चुका एका घरातल्या नाहीत. आधी बाबांचा 2012 चा मूळ पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) काढा, कागदावरचा. त्यात रँक काय लिहिली आहे ते बघा. तिथे सुभेदार असेल तर रेकॉर्ड ऑफिसने चूक केलेलीच नाही, बँकेकडून डेटा ऑनलाइन गेला तेव्हा कोणीतरी चुकीचा भरला, ते स्पर्शवर, म्हणजे त्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर, मूळ पीपीओ जोडून तक्रार टाकली की सुटायला हवं. पण मूळ पीपीओतच सर्व्हिस 21 वर्षं 6 महिने असेल तर ते वेगळं प्रकरण. पीपीओ काढतात प्रयागराजला, पीसीडीए पेन्शन या संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयात, पण ते लोक मनाने काही लिहीत नाहीत. रेकॉर्ड ऑफिस एलपीसी-कम-डेटा शीट, म्हणजे शेवटचा पगार आणि सर्व्हिसची माहिती असलेला कागद, बनवून पाठवतं त्यावरून पीपीओ निघतो. त्या शीटमध्येच साडेसहा वर्षं राहिली असतील तर प्रयागराजला शंभर पत्रं टाका, उत्तर एकच येणार, रेकॉर्ड ऑफिसला विचारा.

आता राहिली का असतील? माझा अंदाज सांगतो. शिपायाचा नंबर वेगळा, जेसीओ झाला की जेसी नंबर मिळतो. नेहमीच्या प्रमोशनमध्ये रेजिमेंट तीच, रेकॉर्ड ऑफिस तेच, दोन्ही नंबर एकाच फाइलला. आरटीचं तसं नाही, निवड होऊन माणूस दुसरीकडेच पोस्ट झाला, फाइल बदलली, आणि रिटायरमेंटच्या वेळी ज्याने डेटा शीट भरली त्याने समोर जेसी नंबर बघितला, त्याची तारीख 1 ऑक्टोबर 1990 बघितली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. बोटाने पान मागे उलटलं नाही. मी स्वतः अशी शीट भरलेली नाही असं छातीठोक सांगणार नाही, महिन्याला ढीग असायचा.

एक महत्त्वाचं विचारतो. 1990 ला जुन्या युनिटने बाबांना डिस्चार्ज दिला होता की बदली दाखवली होती? आणि तेव्हा ग्रॅच्युइटी हातात मिळाली होती का? यावर सगळं आहे. हिशोब मिटवून बाहेर काढलं आणि मग नव्याने घेतलं असेल तर आधीची सर्व्हिस जोडायला ती ग्रॅच्युइटी परत करण्याची भानगड येते. सलग असेल तर प्रश्नच नाही.

सुभेदार_मावळा

जय हिंद ताई. माझंही रँकचं असंच झालं होतं, मूळ पीपीओत सुभेदार मेजर आणि ऑनलाइन सुभेदार. पीपीओ, डिस्चार्ज बुकाचं पान, आधार जोडून टाकलं, दोनदा रिजेक्ट झालं कारण स्कॅन पुसट होता, तिसऱ्यांदा झालं. मोबाइलने फोटो काढू नका, नीट स्कॅन करा. आणि त्यातच आईंचं नाव, जन्मतारीख पण तपासून घ्या, माझ्या मिसेसचं माहेरचं नाव लागलेलं होतं तीस वर्षं आणि मला पत्ता नाही.

आमच्या युनिटचे पंडितजी आठवले यानिमित्ताने. सियाचीन बेसला थंडीत सर्व धर्म स्थळात बसलेले असायचे, पोरं देवापेक्षा त्यांच्याशी बोलायला जास्त जायची.

सातारची_लेक

कारकून काका, खूप खूप आभार, कोणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं.

मूळ पीपीओ सापडला, रँक सुभेदारच आहे. सर्व्हिस मात्र 21 वर्षं 6 महिने, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, दोन वेगळी घरं.

डिस्चार्ज बुक शोधायला दोन दिवस गेले कारण ते कपाटात नव्हतंच, बाबांनी पोथ्यांच्या लाल कापडात बांधून ठेवलेलं. पहिल्याच पानावर जुना नंबर लाल शाईने खोडलाय, वर जेसी नंबर लिहिलाय, बाजूला कोणाची तरी सही आणि गोल शिक्का, तोही अर्धाच उठलेला. भरतीची तारीख 12-3-84 स्वच्छ दिसतेय. आत 30 सप्टेंबर 90 ला एसओएस आणि 1 ऑक्टोबर 90 ला टीओएस असं लिहिलंय, डिस्चार्ज हा शब्द तिथे कुठेच नाही. ग्रॅच्युइटी मिळाली नव्हती असं बाबा ठामपणे सांगतात, फंडाचे पैसे पण तसेच पुढे चालू राहिले होते म्हणे. शेवटच्या पानावर सोडण्याचं कारण लिहिलंय, सेवेची मुदत पूर्ण.

मला एक कळत नाहीये, ही चूक 2012 पासून आहे तर तेव्हा कोणाच्याच कशी लक्षात आली नाही?

निवृत्त_कारकून

एसओएस म्हणजे जुन्या युनिटच्या पटावरून कमी केलं, टीओएस म्हणजे नव्या ठिकाणी हजेरीवर घेतलं. मध्ये एक दिवसाचाही खंड नाही. याला बदली म्हणतात.

आणि ताई, शेवटच्या पानावरचं ते कारण सोन्यासारखं आहे, तुमच्या लक्षात आलं का? मुदत पूर्ण झाली म्हणून सोडलं, बरोबर? मग मुदत कुठून मोजली? 1990 पासून धरली तर 21 वर्षं 6 महिने होतात, या आकड्याला कुठली मुदत संपते ते त्यांनीच सांगावं. 12 मार्च 1984 पासून मोजा, 31 मार्च 2012 पर्यंत 28 वर्षं आणि 20 दिवस. घरी पाठवताना 84 पासून मोजलं आणि पेन्शन देताना 90 पासून. अर्जात हे असंच लिहा, दोन ओळीत, रडगाणं नको.

2012 ला लक्षात का आलं नाही याचं उत्तर सोपं आहे. आधी पेन्शनला 33 वर्षांचं गणित होतं, जेवढी सर्व्हिस कमी तेवढी पेन्शन कमी. ते 1 जानेवारी 2006 पासून गेलं, 15 वर्षं भरली की शेवटच्या पगाराच्या 50 टक्के, मग 21 असो की 28. त्यामुळे महिन्याची रक्कम बरोबरच दिसली असणार. ग्रॅच्युइटी तेव्हाच कमी बसली कारण ती सहामाहीच्या हिशोबाने असते, पण एकरकमी पैसा आला की कोण भागाकार करत बसतो. खरा घोळ ओआरओपीने (वन रँक वन पेन्शन) झाला. ते 1 जुलै 2014 पासून लागू, आणि त्याचे तक्ते रँक, ट्रेडचा ग्रुप आणि सर्व्हिसची वर्षं यांवर, अर्ध्या अर्ध्या वर्षाच्या पायरीने. बँकेने तक्त्यात 21.5 ची ओळ बघितली. पुढे 2019 आणि 2024 ला रिव्हिजन झालं तेव्हा पण तीच ओळ. म्हणजे 2012 ला कागदावर बसलेली चूक 2014 पासून दर महिन्याला पैसे खातेय.

काळा_कोट

वकील आहे, पण हे वाचून पैसे मागणार नाही, घाबरू नका.

थेट ट्रिब्युनलला जाऊ नका. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबईत बेंच आहे, पण ते आधी विचारतात की खात्याकडे दाद मागितली होती का. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसला बाबांच्या सहीने अर्ज, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावती जपून. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर दार उघडतं. आणि उशीर झाला म्हणून हात टेकू नका, पेन्शन कमी मिळणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक मानतात, त्यामुळे केस मुदतीबाहेर म्हणून सहसा फेकत नाहीत. फक्त थकबाकीला कात्री लागते, सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर साधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे 2014 पासूनचं सगळं कोर्टातून मिळेल अशी आशा नको, आणि बसून राहाल तितकं मागचं जातंय.

सोबत आरटीआय टाका, शीट रोल (सेवेच्या नोंदींचा मूळ कागद), 1990 चा पार्ट टू ऑर्डर (युनिटने अशा बदलांची नोंद करणारा आदेश) आणि एलपीसी-कम-डेटा शीट यांच्या सर्टिफाइड कॉपी मागा. दहा रुपये फी, तीस दिवस. अर्ज बाबांच्याच नावाने. मुलीने टाकला तर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून परत येऊ शकतो.

भटक्या_८८

एवढं कशाला, खासदाराचं पत्र आणा, दोन दिवसात काम.

सुभेदार_मावळा

खासदाराचं पत्र त्याच क्लार्कच्या टेबलावर जातं भाऊ. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा ताई, ते पत्र फॉरवर्ड करतात आणि भाषा पण नीट लिहून देतात.

निवृत्त_कारकून

वकील साहेबांशी सहमत, फक्त एक पुस्ती. आरटीआय जुन्या रेजिमेंटच्या रेकॉर्डला न टाकता ज्या शेवटच्या रेकॉर्ड ऑफिसने पेन्शनचे कागद पाठवले त्यांना टाका. जुन्या ठिकाणी कोणी बाबांना 1990 ला पेन्शनशिवाय गेलेला शिपाई समजलं असेल तर तसल्या लोकांचे कागद 25 वर्षं ठेवून नष्ट करतात, आणि मग कागद उपलब्ध नाहीत असं एका ओळीचं पत्र येईल आणि तुम्ही हताश व्हाल. बदलीच्या माणसाचा शीट रोल त्याच्यासोबत जातो, म्हणजे तो शेवटच्या रेकॉर्डातच असणार. अर्जात दोन्ही नंबर लिहा, जुना नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट, त्याशिवाय शोधताना चुकतात.

आणि शेवटी मागणी काय करायची ते स्पष्ट लिहा, सुधारित डेटा शीट प्रयागराजला पाठवून कॉरिजेंडम म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ काढावा. नुसतं 'न्याय मिळावा' लिहिलं तर फाइल कुठल्या सेक्शनला टाकायची हेच कळत नाही, मी अशी कित्येक पत्रं ट्रेमध्ये पिवळी पडलेली बघितलीत. बिनपगारी रजा किंवा गैरहजेरी कधी होती का तेही बाबांना विचारून ठेवा, ते दिवस वजा होतात. 28 वर तुमच्याकडे 20 दिवसच जास्तीचे आहेत, तेवढे जाऊन आणखी गेले तरी पूर्ण वर्षाच्या वरचे तीन महिने अर्धं वर्ष आणि नऊ महिने पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे थोड्याने काही बिघडत नाही.

सातारची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रँकची तक्रार काल ऑनलाइन टाकली, नीट स्कॅन करून. आईचं नाव बरोबर आहे, जन्मतारीख मात्र चुकलीये, तेही जोडलं.

बाबा सही करायला तयारच नव्हते. देवाचं काम केलं त्याचा हिशोब कसला मागायचा म्हणे. मग मी कारकून काकांची ती ओळ वाचून दाखवली, घरी पाठवताना 84 पासून मोजलं आणि पेन्शन देताना 90 पासून. थोडा वेळ गप्प बसले, म्हणाले ती साडेसहा वर्षं देवाची नव्हती, ती रायफल घेऊन केलेली आहेत, ती लिही. बिनपगारी एकही दिवस नाही म्हणतात.

जुना नंबर डिस्चार्ज बुकात लाल रेघेखाली नीट वाचता येत नव्हता, मी भिंग शोधत होते तर बाबांनी पूजेच्या खोलीतून तिथूनच मोठ्याने सांगितला, शेवटच्या अक्षरासकट. उद्या पोस्टल ऑर्डर घेऊन दोन्ही अर्ज टाकते, रेकॉर्डचं काही उत्तर आलं की इथे लिहीन.