अकरा वर्षं उभी असलेली १९८४ ची बुलेट ३५०: पहिली किक मारायच्या आधी काय काय बघू?

पडवीतली_बुलेट

१९८४ ची बुलेट ३५०. कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच असलेली), गिअर उजव्या पायात. चिपळूणला पडवीत अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. उभी केली तेव्हा चालू होती. आत्ताची अवस्था अशी:

किक दगडासारखी घट्ट, बोटभरही खाली जात नाही. डिपस्टिकला तेलाचा थेंब लागत नाही, पण फरशीवर गळल्याचा डागही नाही, म्हणजे तेल गेलं कुठे हे कळत नाही. टाकीतून वॉर्निशसारखा वास येतो, टॉर्च मारली की आत तांबडे खवले दिसतात. क्लच ओढून न्यूट्रल सोडून कुठल्याही गिअरमध्ये ढकलली तर मागचं चाक फरफटतं.

इथला मेकॅनिक म्हणतो, प्लगच्या भोकातून डिझेल ओता, दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि चौघांनी उतारावर धक्का मारा, सुटेल. मन धजत नाही. घाई अजिबात नाही. इंजिन न उघडता जमलं तर उत्तम, उघडावं लागलं तर तेही करू. सुरुवात कुठून करू?

कास्टआयर्न_३४६

धजत नाही तेच बरोबर आहे. धक्का मारू नका आणि किकवर उभंही राहू नका. पिस्टन गंजाने धरलेला असताना जोर लावला की रिंगा तुटतात, तुटलेला तुकडा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) उभी चीर पाडतो आणि दोन हजारांचं काम पंधरावर जातं. किकच्या आतला खटका तुटला तर गिअरबॉक्स उघडणं आलंच.

आधी तेलाचं कोडं सोडवू. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला ती खोली आहे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पंपाच्या चकतीच्या फटीतून तेल हळूहळू झिरपतं आणि क्रँक जिथे फिरतो तिथे जमा होतं. म्हणून डिपस्टिक कोरडी आणि फरशीही कोरडी. इंजिनाच्या पोटाखाली एक ड्रेन नट तेलाच्या टाकीचा आहे आणि एक क्रँककेसचा. दोन्ही उघडा, पसरट पातेलं खाली ठेवा. क्रँककेसमधून सव्वा-दीड लिटर पडलं तर आश्चर्य मानू नका. ते तेल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसतो का, तेल ताकासारखं पांढरट झालंय का, ते बघा. कोकणातल्या गाडीत हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण पाणी असेल तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज आहे असं धरून चालावं लागतं.

आता पिस्टन सोडवणं. प्लग काढा. निम्मं एटीएफ (पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल) आणि निम्मं अ‍ॅसिटोन, एकूण ६०-७० मिली, पिचकारीने आत सोडा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे जवळ दिवा-विडी नको. प्लगच्या भोकावर फडकं ठेवा. दोन दिवस थांबा, रोज थोडं थोडं टाकत राहा. डिझेलही चालतं, पण ते गंजात शिरायला फार वेळ घेतं.

या दोन दिवसांत वरची दोन्ही रॉकर कव्हरं उघडा आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेल सोडा. हे लोक विसरतात. व्हॉल्व्ह गाइडमध्ये उघडा अडकलेला असला आणि पिस्टन सुटून वर आला, तर वाकडा व्हॉल्व्ह आणि वाकडा पुशरॉड नशिबी येतो.

मग मधल्या स्टँडवर लावून चौथा गिअर टाका आणि मागचं चाक दोन हातांनी धरून पुढे-मागे हलवा. चौथाच, कारण चाकावर लावलेला जोर क्रँकपर्यंत त्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त पोचतो. तुमचा क्लच चिकटलाय, तो इथे कामालाच येईल. एक मिलिमीटर हलला तरी जिंकलात. एकाच दिशेने रेटू नका, मागे-पुढे, मागे-पुढे. चार दिवसांनीही हलला नाही तर हेड आणि सिलिंडर उघडायचं, जबरदस्ती करायची नाही.

नानापेठ_स्पेअर्स

वरच्याला जोड देतो. पिस्टन सुटला म्हणून लगेच प्लग लावून किक मारू नका. अकरा वर्षांत बिगएंडवरची (कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा) तेलाची फिल्म संपलेली असते. बुलेटचं बिगएंड सुटं बुशवालं आहे, त्याला दाबाचं तेल लागतं. कोरडं फिरलं की पहिल्या मिनिटातच ओरखडे पडतात आणि महिनाभराने खालून ठोका ऐकू येतो. मग गाडीवाला म्हणतो, चालू केली तेव्हा तर छान होती.

तेलाचा फिल्टर टायमिंग कव्हरच्या खालच्या अंगाला आहे, नमद्याचा. जुना फेकून द्या. काढताना स्प्रिंग आणि वायसर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढा. उलटे बसले की फिल्टरला बगल देऊन तेल तसंच पुढे जातं. खोलीतला काळा गाळ चिंधीने पुसून घ्या. नवा फिल्टर बसवताना ती खोली तेलाने भरा आणि मग झाकण लावा. तेलाच्या टाकीत साधारण दोन लिटर २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल, मिनरल. महागडं सिंथेटिक या इंजिनाला नको, जुन्या सीलमधून ते आधी बाहेर येतं.

प्लग काढलेलाच ठेवून सावकाश साठ-सत्तर किका मारा. तेल भरायचं झाकण उघडं ठेवून आत बघा, परतीचं तेल ठिबकत यायला लागलं पाहिजे. मग हेडवर जाणाऱ्या बारीक नळीचा बँजो बोल्ट (आतून पोकळ, तेल जाऊ देणारा) अर्धा आटा सैल करा. तिथे तेल पाझरलं की रॉकरपर्यंत पोचलं. नाही पाझरलं तर पंप उघडायचा. पंपाची चकती काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट करता येते, नवीन पंप घ्यायची वेळ फार क्वचित येते.

टायमिंग कव्हर काढायची वेळ आलीच तर क्रँकच्या टोकाला तेल पोचवणाऱ्या क्विल बोल्टचं कॉर्क सील नवीन टाकल्याशिवाय कव्हर परत लावू नका. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे. ती गळाली तर बिगएंडचा दाब तिथूनच पळतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

क्लच: प्रायमरी कव्हर उघडा, प्लेटी सुट्या करा, काचेवर ठेवून वाकल्यात का बघा, कॉर्क किंवा लायनिंग भेगाळलं असेल तर बदला. परत भरताना सुमारे ४२० मिली तेल. त्याच कव्हरातल्या प्रायमरी चेनचा ढिलेपणा सगळ्यात ताणलेल्या जागी ६ मिमी. गिअरबॉक्समध्ये नुसतं ईपी ९० (गिअर ऑइल) भरलं तर ते किकच्या शाफ्टमधून गळतं. पातळ ००-ग्रेडचा ग्रीस आणि थोडं ईपी ९० असं मिश्रण या अल्बियन बॉक्सला मानवतं.

पॉइंट_आणि_प्लग

टाकीचं आणि करंटचं मी सांगतो.

टाकी: आधी पेट्रोल कॉक काढून भोकाला रबरी बूच मारा. सायट्रिक अ‍ॅसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्व) लिटरला ८०-१०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. चोवीस तास ठेवा. खवले जाड असतील तर आत मूठभर नट टाकून हलवा, पण टाकण्याआधी मोजा आणि काढल्यावर परत मोजा. ओतून दिलं की लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, मग केस वाळवायच्या यंत्राने पूर्ण कोरडी करा. इथे तासभर जरी आळस केला तरी नारिंगी थर परत येतो. शेवटी ५० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल आत फिरवून ठेवा. रंगाकडे लक्ष असू द्या. त्या काळच्या टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली आहे, जवळून बघितलं तर वळणावर कुंचला किंचित रुंदावलेला दिसतो. अ‍ॅसिडचा ओघळ तिच्यावर गेला तर ती परत मिळत नाही. झाकणाभोवती ग्रीस लावा, वर प्लॅस्टिक चिकटवा.

पेट्रोल हल्ली २० टक्के इथेनॉलचं आहे. जुनी रबरी नळी त्यात फुगते आणि कॉकचं कॉर्कही खराब होतं. दोन्ही बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

कार्बोरेटरची जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. नायलॉनचा धागा आणि कार्ब क्लीनर. फ्लोटची सुई आणि तिची बैठक बदला. एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर, तिथून गरम इंजिनावर पुढे-मागे.

पॉइंट: ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेजने, डोळ्याने नाही. तोंडं काळी पडली असतील तर बारीक फाइल, पॉलिश पेपर नको, त्याची वाळू आत रुतते. कंडेन्सर जुना ठेवूच नका. पॉइंटच्या प्लेटखाली अ‍ॅडव्हान्सची दोन वजनं आहेत, ती हाताने फिरवून सोडा, झटकन परत आली पाहिजेत. गंजून पुढे अडकली असतील तर किक उलटी मारते. बुलेटच्या किकने पाय मोडल्याचं जे ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच दोन वजनं किंवा चुकलेलं टायमिंग असतं.

टायमिंग: वजनं पूर्ण मागे असताना पॉइंट उघडायला लागला पाहिजे तो पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी. विडीचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, तो सुटतो तो क्षण. प्लगचं भोक तिरकं आहे, त्यातून स्पोक घालून घेतलेलं माप चुकतं. हेड उघडणार असाल तर व्हर्निअर लावून थेट पिस्टनवरच मोजा, दोन्ही टॅपेट (पुशरॉडला वर ढकलणारे) खाली असताना.

बॅटरी घ्यायच्या आधी बल्ब आणि कॉइलवर व्होल्ट वाचा, ६ आहे की १२. अर्थ कुठल्या टोकाचा आहे तेही बघा.

आरटीओ_कागद

इंजिनाच्या नादात कागद राहू नयेत. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीचं नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, फॉर्म २५, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची वेगळी नोंदणी ५० वर्षांवरच्या गाड्यांना, तुमची त्यात बसत नाही. चासीचा आणि इंजिनाचा नंबर घासू, पॉलिश करू किंवा पावडर कोटिंगखाली गाडू देऊ नका. रंगाला द्यायच्या आधी पेन्सिलने त्यांचा छाप कागदावर घेऊन ठेवा.

पडवीतली_बुलेट

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं त्याच क्रमाने गेलो. क्रँककेसमधून सव्वा लिटर तेल निघालं, बाटलीत तळाला पाण्याचा थर नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा अडकलेला होता, तेल टाकून हलक्या हाताने सोडवला. पिस्टन तिसऱ्या दिवशी सुटला.

तरी सिलिंडर काढलाच. रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे दोन काळ्या आडव्या रेघा आहेत, नख अडकतं. लेथवाल्याने बोअरचं माप घेतलं: वर ७०.११ मिमी, मध्ये ७०.०७, खाली ७०.०२. खड्डे अंदाजे ०.१ मिमी खोल. तो म्हणतो बोअर कापून ०१० चं (मूळ मापापेक्षा एक पायरी मोठं) पिस्टन टाकू. दुसरा एक जण म्हणतो नुसतं होनिंग (बोअर दगडाने हलकं घासणं) करून नव्या रिंगा टाका. काय करू?

नानापेठ_स्पेअर्स

खाली बोअर जवळजवळ नवा आहे. मी असतो तर होनिंग आणि रिंगांवर एक-दोन वर्षं काढली असती. या सिलिंडरमधलं लोखंड मर्यादित आहे, प्रत्येक बोअरिंगने एक आयुष्य कमी होतं.

कास्टआयर्न_३४६

इथे माझं मत वेगळं आहे. नख अडकत नसतं तर होनिंग चाललं असतं. अडकणारा खड्डा रिंगेला प्रत्येक फेरीत खरवडतो आणि तेल वर नेतो, सहा महिन्यांत निळा धूर. शिवाय वर ०.०९ मिमी जास्त रुंद असलेल्या बोअरमध्ये नवी रिंग बसतच नाही, ती वर उघडते आणि खाली मिटते.

आता हिशेब करा. ०१० म्हणजे बोअर साधारण ७०.२५. वरच्या भागात ७०.११ आधीच आहे, म्हणजे प्रत्येक बाजूने फक्त ०.०७ कापलं जाणार आणि ०.१ चा खड्डा पुरता जाणार नाही. ०२० म्हणजे ७०.५०, प्रत्येक बाजूने ०.२० च्या आसपास, खड्डे साफ. ०२० घ्या. पुढे ०३० आणि ०४० शिल्लक राहतात, सिलिंडर संपत नाही.

पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याच्या हातात द्या. आधी बोअर आणि मग पिस्टन असं करू नका, प्रत्येक पिस्टनचं खरं माप थोडं वेगळं निघतं. पिस्टन आणि बोअरमधली फट पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या घेराला) खाली, पिनच्या काटकोनात मोजून ०.०८ ते ०.१० मिमी. लेथवाले मोटारीच्या सवयीने ०.०५ ठेवतात. हवेवर थंड होणारं हे लोखंडी इंजिन घाटात तापलं की त्या फटीत जाम होतं. कुंभार्ली चढताना ते समजू नये.

सिलिंडर काढलाच आहे तर कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणून सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवी थोडी हालचाल चालते, वर-खाली शून्य हवी. पाणी नव्हतं म्हणता, तेव्हा बहुधा ठीक असेल.

नानापेठ_स्पेअर्स

मापांचा हिशेब पटला, ०२० च करा. रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ०.४ मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर फाइलने घासा. बसवताना तीन तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

टॅपेट थंड इंजिनावर शून्य: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खुटखुट नको. हेडचे नट आडवे-तिरपे, तीन टप्प्यांत आवळा. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाली की परत एकदा आवळा आणि टॅपेट परत बघा, गॅस्केट बसलेलं असतं.

पहिले ५०० किमी ताशी ५० च्या आत, एकाच वेगाने लांब धाव नको, चौथ्या गिअरमध्ये इंजिन कण्हेल इतका हळूही नको. तेल आणि फिल्टर २०० किमीला बदला. फिल्टरचा नमदा चिरून पांढऱ्या कागदावर पिळा. राखाडी चमक दिसली तर ती बहुधा रिंगांची. पितळी किंवा तांबूस कण दिसले तर तिथेच थांबा आणि फोटो इथे टाका.